लॉक झालं म्हणजे बरोबर झालं असं नाही : रेफरन्स क्लॉक आणि पीएलएलची फ्रिक्वेन्सी

बोर्डवर पीएलएल, म्हणजे फेज-लॉक्ड लूप असतो : रेफरन्स म्हणून दिलेल्या क्लॉकवरून तो हवी ती फ्रिक्वेन्सी बनवतो. त्याच्या लॉकचा दिवा लागलेला असतो, रजिस्टरमध्ये लिहिलेले आकडे तीन वेळा तपासलेले असतात, आणि तरीही काउंटरवर २४०० मेगाहर्ट्झच्या जागी २४००.०२६ दिसतं. नवशिका माणूस अशा वेळी लूप फिल्टरची किंमत बदलून बघतो, व्हीसीओवर (व्होल्टेजने फ्रिक्वेन्सी बदलणाऱ्या ऑसिलेटरवर) संशय घेतो, चार्ज पंपाचा करंट वाढवतो. काहीही फरक पडत नाही. पडणारही नाही, कारण पीएलएलने चूक केलेलीच नाही. त्याला जो रेफरन्स दिला तोच सुमारे ११ पीपीएम (दशलक्षात ११ भाग) वर होता, आणि पीएलएलने तो इमानेइतबारे वर नेला.

पीएलएल हा आज्ञाधारक कारकून आहे. समोर आलेल्या कागदाची तो हुबेहूब नक्कल करतो. कागदावरचा मजकूर खरा की खोटा, हे बघणं त्याच्या कामात बसत नाही. लॉक डिटेक्टर फक्त एवढंच सांगतो की भागून खाली आणलेला व्हीसीओ आणि रेफरन्स यांच्या फेज, म्हणजे लाटांच्या चढउताराच्या वेळा, जुळल्या आहेत. रेफरन्स स्वतः किती खरा आहे, हे त्या दिव्याला कळायला मार्ग नाही.

म्हणून रेफरन्सची निवड, मांडणी, मोजणी आणि दुरुस्ती कशी करायची ते क्रमाने बघू. काही पायऱ्या दोन मिनिटांच्या आहेत, काहींवर दिवस घालवला तरी तो सत्कारणी लागतो.

पायरी १ : पीपीएम आणि हर्ट्झ यांची फारकत करा

साध्या इंटिजर (पूर्णांक भाजकांच्या) पीएलएलचं गणित एका ओळीचं आहे. आउटपुट फ्रिक्वेन्सी म्हणजे रेफरन्स भागिले आर, गुणिले एन. आर हा रेफरन्सचा भाजक, एन हा व्हीसीओच्या बाजूचा. दोन्ही डिजिटल मोजणीतून येतात, त्यामुळे त्यांच्यात चूक शून्य. उरतो फक्त रेफरन्स.

यातून दोन गोष्टी निघतात. रेफरन्सची सापेक्ष चूक जशीच्या तशी आउटपुटवर येते : रेफरन्स १ पीपीएम वर असेल तर आउटपुटही १ पीपीएम वर. हर्ट्झमधली चूक मात्र गुणाकाराने फुगते. १० मेगाहर्ट्झवर १ पीपीएम म्हणजे १० हर्ट्झ, २४०० मेगाहर्ट्झवर तोच १ पीपीएम म्हणजे २४०० हर्ट्झ. «पीएलएल चूक वाढवतो का?» या प्रश्नावर लोक तावातावाने भांडतात ते एकक न सांगता बोलतात म्हणून. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात.

हे अंगावर येतं ते उपग्रहाच्या कामात. डिशवरच्या अनेक एलएनबींमध्ये (उपग्रहाचा सिग्नल खालच्या फ्रिक्वेन्सीला आणणाऱ्या डब्यांमध्ये) २५ मेगाहर्ट्झचा क्वार्ट्झ क्रिस्टल असतो आणि पीएलएल त्याला ३९० ने गुणून ९७५० मेगाहर्ट्झचा लोकल ऑसिलेटर तयार करतो. टीव्हीचा चॅनेल कित्येक मेगाहर्ट्झ रुंद असतो, त्याला थोड्या सरकण्याने काही होत नाही. पण २०१८मध्ये सोडलेल्या एस्हेल-२ या उपग्रहावर हौशी रेडिओवाल्यांसाठी अरुंद ट्रान्सपाँडर (आलेला सिग्नल परत खाली पाठवणारा संच) आहे, त्याचा डाउनलिंक १०४८९.५ मेगाहर्ट्झपासून पुढे. तिथे एसएसबी (एकाच साइडबँडवर पाठवलेल्या) आवाजाची रुंदी साधारण २.७ किलोहर्ट्झ. आणि ९७५० मेगाहर्ट्झवर १ पीपीएम म्हणजे ९.७५ किलोहर्ट्झ! डिशवर ऊन आलं, ढग गेला, की समोरचा माणूस बोलता बोलता रिसीव्हरच्या पट्ट्यातून बाहेर. म्हणूनच त्या छंदातली मंडळी एलएनबीतला क्रिस्टल काढून जीपीएसला बांधलेला २५ मेगाहर्ट्झ केबलने वर पाठवतात. बाकी पीएलएल तोच राहतो.

फ्रॅक्शनल-एन पीएलएलने, ज्यात एन अपूर्णांकही चालतो, हे दुखणं जातं, असा एक समज आहे. जात नाही. फ्रॅक्शनल भाजकाने पावलं बारीक होतात, पण ती मोजायची पट्टी रेफरन्सचीच. वाकडी पट्टी कितीही बारीक आखली तरी वाकडीच.

पायरी २ : किती चूक खपेल ते आधी ठरवा

क्रिस्टल निवडायच्या आधी हे कागदावर उतरवा. काही ठिकाणी उत्तर मानकातच असतं. इथरनेटला ±१०० पीपीएम चालतं, हाय-स्पीड यूएसबीला ±५०० पीपीएम, ८०२.१५.४ रेडिओला ±४० पीपीएम, वाय-फायच्या ओएफडीएमला ±२० पीपीएम. मोबाइलच्या मोठ्या बेस स्टेशनला मात्र ±०.०५ पीपीएमच्या आत राहावं लागतं. इथरनेटच्या बोर्डावर महागडा ऑसिलेटर बसवणं ही उधळपट्टी, आणि बेस स्टेशनवर साधा क्रिस्टल बसवणं हा अविचार.

मानक नसेल तर चॅनेलच्या रुंदीवरून काढा. ४४६ मेगाहर्ट्झवर १२.५ किलोहर्ट्झ अंतराचे चॅनेल आहेत असं धरा. २० पीपीएमचा क्रिस्टल घेतला तर चूक ८.९ किलोहर्ट्झ, म्हणजे अर्ध्या चॅनेलहून जास्त सरकलो, शेजाऱ्याच्या अंगणात गेलो. २.५ पीपीएममध्ये १.१ किलोहर्ट्झ, हे चालून जाईल. आणि एक विसरू नका : प्रेषक आणि ग्राहक दोघांच्याही रेफरन्समध्ये चूक असते, आणि नशीब फिरलं की ती विरुद्ध दिशांना असते. दोन्हीकडे ±२० पीपीएम असेल तर २.४ गिगाहर्ट्झवर एकूण अंतर ९६ किलोहर्ट्झपर्यंत जाऊ शकतं. ग्राहकाची एएफसी (फ्रिक्वेन्सी आपोआप जुळवणारी सोय) तेवढं ओढून घेते का, हे तपासा.

पायरी ३ : चुकीचा हिशेब मांडा

डेटाशीटच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात ±०.५ पीपीएम लिहिलेलं असतं आणि माणूस खूश होतो. तो आकडा सहसा एकाच गोष्टीचा असतो : तापमानानुसार होणाऱ्या बदलाचा. आतल्या पानांवर बाकीची मंडळी रांगेत उभी असतात.

उदाहरणादाखल एका टीसीएक्सओचा, म्हणजे तापमानाची दुरुस्ती स्वतःच करणाऱ्या क्रिस्टल ऑसिलेटरचा, हिशेब करू. कारखान्यातून निघताना ±१ पीपीएम. बोर्डवर रिफ्लो सोल्डरिंगच्या उष्णतेतून गेल्यावर आणखी ±१. तापमानामुळे ±०.५. पुरवठ्याचा व्होल्टेज हलल्यामुळे ±०.१. लोड बदलल्यामुळे ±०.१. आणि वय : पाच वर्षांत ±३. बेरीज ±५.७ पीपीएम. पहिल्या पानावरचा ०.५ या बेरजेच्या दहाव्या हिश्श्यापेक्षाही कमी आहे.

या यादीतल्या प्रत्येक ओळीचा स्वभाव वेगळा आहे, आणि इलाजही वेगळा. पहिल्या दोन चुका एकदाच्या असतात. बोर्ड तयार झाल्यावर एकदा मोजून दुरुस्त केल्या की गेल्या. तापमानाची चूक येते-जाते. वय मात्र एकाच दिशेला सरकत राहतं. सुरुवातीच्या महिन्यांत जोरात, पुढे मंद, म्हणून पहिल्या वर्षाचा आकडा पाचने गुणून पाच वर्षांचा काढू नका. उत्पादकाने दीर्घ मुदतीचा आकडा दिला असेल तर तोच घ्या.

तापमानाबद्दल जरा जास्त बोलायला हवं. मेगाहर्ट्झमधले बहुतेक क्रिस्टल एटी-कट (एका ठरावीक कोनात कापलेले) असतात. त्यांचा तापमान-फ्रिक्वेन्सी आलेख आडव्या पडलेल्या इंग्रजी एस अक्षरासारखा असतो. खोलीच्या तापमानाच्या आसपास तो बऱ्यापैकी सपाट असतो आणि दोन्ही टोकांना विरुद्ध दिशांनी पळतो. म्हणून टेबलावर सगळं गोड चालतं आणि बंद डब्यात ७० अंशांना बिघडतं. घड्याळातला ३२.७६८ किलोहर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क क्रिस्टल वेगळ्या जातीचा. त्याचा आलेख पालथ्या वाटीसारखा : २५ अंशांना माथा, आणि तिथून कुठेही सरका, फ्रिक्वेन्सी खालीच. अंतराच्या वर्गाला साधारण ०.०३४ पीपीएमने गुणायचं. ४५ अंशांवर, म्हणजे माथ्यापासून २० अंश दूर, ती १३.६ पीपीएम खाली जाते, दिवसाला सुमारे १.२ सेकंद मागे. ५ अंशांवरही तेवढीच मागे. अनेक मायक्रोकंट्रोलर याच क्रिस्टलवरून पीएलएलने आपला मेगाहर्ट्झचा क्लॉक बनवतात, तेव्हा ही वाटी तिथेही उमटते.

साधा क्रिस्टल वापरत असाल तर लोड कपॅसिटरकडे बघाच, कारण सर्वाधिक फसगत इथे होते. डेटाशीटमध्ये लोड १० पिकोफॅरड लिहिलंय म्हणून दोन्ही पायांना १०-१० पिकोफॅरड लावले जातात. क्रिस्टलला ते दोन्ही सिरीजमध्ये दिसतात, म्हणजे ५, अधिक बोर्डाचे आणि चिपच्या पायांचे मिळून समजा ३. झाले ८. लोड कमी पडला की फ्रिक्वेन्सी वर जाते. छोट्या क्रिस्टलमध्ये या जागी एका पिकोफॅरडला १० ते २० पीपीएम सरकतं. म्हणजे २ पिकोफॅरडची ही चूक २०-४० पीपीएमला पडली, आणि बिल पीएलएलच्या नावावर फाटलं. बरोबर हिशेब असा : दहातून तीन वजा, सात, त्याची दुप्पट चौदा, बाजारात १५ मिळतो, तो लावा आणि मोजून बघा. ०.५ पीपीएमच्या आशेने साधा क्रिस्टल हाताने ट्रिम करणाऱ्यांना माझा सल्ला : तो नाद सोडा, टीसीएक्सओ घ्या.

पायरी ४ : ऑसिलेटर निवडा

वरचा हिशेब केला असेल तर निवड पाच मिनिटांत होते. ±१० ते ±५० पीपीएम चालत असेल तर साधा क्रिस्टल. ±०.५ ते ±२.५ च्या घरात टीसीएक्सओ. त्याखाली, म्हणजे अब्जांशात हवं असेल तर ओसीएक्सओ : क्रिस्टल छोट्या भट्टीत कायम एकाच तापमानाला ठेवायचा. त्याला सुरू झाल्यावर काही मिनिटं तापू द्यावं लागतं, वीजही जास्त लागते, आणि बंद करून पुन्हा सुरू केला की नेमका जुन्या जागी येत नाही. बॅटरीच्या उपकरणात तो बसवायचा विचारही करू नका.

त्याही वर रुबिडियम, ज्यात अणूच्या ६.८३४ गिगाहर्ट्झच्या संक्रमणाला क्वार्ट्झ बांधलेला असतो. गंमत म्हणजे तोही एक लूपच. आणि जीपीएसने शिस्त लावलेला ऑसिलेटर, जीपीएसडीओ, हा तर उघड उघड पीएलएल आहे. त्याच्या लूपचा टाइम कॉन्स्टंट शेकडो-हजारो सेकंदांचा असतो. जीपीएसचा सेकंदाचा ठोका लगेच बघितला तर नॅनोसेकंदांनी थरथरतो, पण दिवसभराच्या सरासरीत अतिशय खरा असतो. ओसीएक्सओचं उलट : क्षणाक्षणाला शांत, महिन्यांत भरकटणारा. लूप इतका अरुंद ठेवायचा की क्षणाचा शांतपणा ओसीएक्सओकडून मिळावा आणि दीर्घकाळचा खरेपणा उपग्रहांकडून. हे चित्र डोक्यात पक्कं बसवा, पुढच्या पायरीत तेच पुन्हा येतं, फक्त वेळेची मापं बदलून.

टीसीएक्सओ घेताना एक बारकावा. काही डिजिटल जातींमध्ये तापमानाची दुरुस्ती पायऱ्यापायऱ्यांनी होते. सरासरीत ते उत्तम, पण प्रत्येक पायरीला फ्रिक्वेन्सी टुणकन उडी मारते आणि पीएलएल ती उडी आउटपुटवर पोचवतो. फेजवर बारीक लक्ष ठेवणाऱ्या रिसीव्हरला ते सहन होत नाही.

पायरी ५ : वेगवान अस्थैर्य वेगळं हाताळा

आतापर्यंत बोललो ते सावकाश सरकण्याबद्दल. मिनिटं, तास, वर्षं. रेफरन्स वेगानेही थरथरतो. त्याला फेज नॉइज म्हणतात आणि त्याचा न्याय लूपच्या बँडविड्थवर (लूप किती वेगाच्या बदलांपर्यंत मागोमाग जाऊ शकतो त्या मर्यादेवर) होतो.

लूप रेफरन्ससाठी लो-पास (सावकाश बदल जाऊ देणारा) आहे आणि व्हीसीओसाठी हाय-पास (वेगवान बदल जाऊ देणारा). लूप बँडविड्थच्या आतला रेफरन्सचा प्रत्येक हेलकावा आउटपुटवर येतो. बाहेरचा गाळला जातो आणि तिथे व्हीसीओचा स्वतःचा गोंगाट राज्य करतो. तापमानाने होणारं सरकणं सेकंदांच्या वेगाने होतं, लूप किलोहर्ट्झमध्ये चालतो. त्यामुळे लूप अरुंद केला की ड्रिफ्ट कमी होईल ही आशा फोल आहे. ड्रिफ्ट कितीही अरुंद व्यवहार्य लूपच्या आतच बसतो.

आत येणारा फेज नॉइज किती फुगतो? आउटपुट आणि रेफरन्स यांच्या गुणोत्तराचा लॉग घ्या, २० ने गुणा, तेवढे डेसिबल. १० मेगाहर्ट्झवरून २४०० ला गेलो तर गुणोत्तर २४०, म्हणजे ४७.६ डेसिबल. रेफरन्स मुख्य फ्रिक्वेन्सीपासून १ किलोहर्ट्झ अंतरावर उणे १५० डीबीसी (मुख्य सिग्नलच्या तुलनेत डेसिबल) प्रति हर्ट्झ असेल तर आउटपुटवर त्या अंतरावर उणे १०२.४ पेक्षा चांगलं मिळणारच नाही. चिप कितीही भारी घ्या.

ही वाढ जादूची वाटते, पण वेळेच्या भाषेत बघितलं तर वाढ नाहीच. रेफरन्सची धार १ पिकोसेकंदाने मागेपुढे झाली तर आउटपुटची धारही १ पिकोसेकंदानेच होते. फक्त आउटपुटचा आवर्तनकाळ २४० पट लहान असल्यामुळे तोच पिकोसेकंद कोनात २४० पट मोठा दिसतो. पहिल्या पायरीतल्या पीपीएम-हर्ट्झच्या जोडीचंच हे भावंड.

रेफरन्सखेरीज पीएलएल चिपचा स्वतःचा गोंगाटही लूपच्या आत धरायचा. डेटाशीटमधला मूळ आकडा घ्या, समजा उणे २२५. त्यात फेज डिटेक्टरच्या फ्रिक्वेन्सीचा (रेफरन्स भागिले आर) १० लॉग आणि एनचा २० लॉग मिळवा. १० मेगाहर्ट्झवर : उणे २२५ अधिक ७० अधिक ४७.६, म्हणजे उणे १०७.४. वरच्या उदाहरणात १ किलोहर्ट्झवर रेफरन्सच वाईट ठरला, चिप नाही. त्याच चिपला १०० मेगाहर्ट्झ दिला तर उणे २२५ अधिक ८० अधिक २७.६, उणे ११७.४. सरळ १० डेसिबलचा फायदा. म्हणून आर विनाकारण वाढवू नये : फेज डिटेक्टरची फ्रिक्वेन्सी अर्धी केली की चिपचा गोंगाट ३ डेसिबल वाढतो. रेफरन्सचा वाटा मात्र आरमुळे बदलत नाही, तो फक्त शेवटच्या गुणोत्तरावर ठरतो.

आता लूप किती रुंद? आउटपुटवर आणलेला रेफरन्स-चिपचा गोंगाट आणि मोकळ्या व्हीसीओचा गोंगाट एकाच आलेखावर काढा. जिथे रेषा छेदतात तिथे बँडविड्थ ठेवा. समजा आतली पातळी उणे १०७ सपाट आहे आणि व्हीसीओ १०० किलोहर्ट्झवर उणे ११०, अंतर दहापट झालं की २० डेसिबलने उतरणारा. छेदबिंदू सुमारे ७० किलोहर्ट्झला येतो. यापेक्षा रुंद ठेवलं तर रेफरन्सचा कचरा जास्त आत येतो, अरुंद ठेवलं तर व्हीसीओचा. बँडविड्थ फेज डिटेक्टरच्या फ्रिक्वेन्सीच्या दहाव्या हिश्श्याच्या आत राहू द्या आणि फेज मार्जिन (लूप डळमळण्यापासून किती दूर आहे त्याचं माप) ४५ ते ६० अंश. मार्जिन कमी पडलं तर लूपच्या कडेला उंचवटा येतो आणि नेमक्या तिथला रेफरन्सचा गोंगाट आणखी फुगतो.

रेफरन्स बाहेरून येत असेल आणि घाणेरडा असेल, उदाहरणार्थ नेटवर्कवरून काढलेला क्लॉक, तर एका लूपने भागत नाही. आधी काही हर्ट्झ ते काही दशक हर्ट्झ रुंदीचा लूप चांगल्या व्हीसीएक्सओवर (व्होल्टेजने किंचित ओढता येणाऱ्या क्रिस्टल ऑसिलेटरवर) बांधा, तो थरथर खाऊन टाकेल. त्याच्या स्वच्छ आउटपुटवरून दुसरा, रुंद लूप चालवा. दोन लूपांच्या जिटर-क्लीनर चिपा हेच करतात. दीर्घकाळची सरासरी फ्रिक्वेन्सी मात्र त्या घाणेरड्या रेफरन्सचीच राहते, आणि बहुतेक वेळा तीच हवी असते.

पायरी ६ : बोर्डावर त्याची काळजी घ्या

रेफरन्सला वेगळा, कमी गोंगाटाचा रेग्युलेटर द्या. कारण साधं आहे : पुरवठ्यातून रेफरन्सवर उणे ९० डीबीसीचा स्पर (नको असलेला टोकदार सिग्नल) आला, तर १० वरून २४०० मेगाहर्ट्झला पोचेपर्यंत तो उणे ४२.४ झालेला असतो. स्विचिंग रेग्युलेटरची फ्रिक्वेन्सी आउटपुटच्या दोन्ही बाजूंना दिसली, की आधी रेफरन्सचा पुरवठा बघा. फेज डिटेक्टरच्या फ्रिक्वेन्सीइतक्या अंतरावरचे स्पर वेगळे. ते बहुधा चार्ज पंपाच्या गळतीचे असतात, रेफरन्सला त्याचा दोष देऊ नका.

पॉवर अँप्लिफायर आणि रेग्युलेटरपासून तो लांब ठेवा. इथे नुसतं तापमान महत्त्वाचं नसून तापमान बदलण्याचा वेगही महत्त्वाचा असतो. टीसीएक्सओमधला सेन्सर आणि क्रिस्टल एकदम तापत नाहीत, त्यामुळे झटपट बदल झाला की दुरुस्ती मागे पडते. प्रेषक सुरू होताच फ्रिक्वेन्सी काही क्षण घसरते, ती यामुळे. वर एक छोटं झाकण घातलं तरी पंख्याच्या वाऱ्याचा त्रास बराच कमी होतो. खात्री करायची तर काउंटर लावून ऑसिलेटरवर हलकी फुंकर घाला. आकडे पळाले की झाकण हवंच.

हलत्या वाहनावर किंवा पंख्याशेजारी काम असेल तर कंपनं धरा. क्वार्ट्झला त्वरण जाणवतं, सर्वसाधारणपणे एका जीला (गुरुत्वाकर्षणाइतक्या त्वरणाला) अब्जांशाच्या आसपास. १०० हर्ट्झचं १ जी कंपन १० मेगाहर्ट्झच्या अशा ऑसिलेटरवर उणे ८६ डीबीसीचे साइडबँड उभे करतं. २४०० मेगाहर्ट्झवर ते उणे ३८ होतात. मऊ रबरी बैठक हा उपाय दिसायला गावठी, पण लागू पडतो.

रेफरन्सच्या साइन वेव्हची पातळी फार कमी ठेवू नका. धार मंद असली की इनपुट बफर शून्य ओलांडण्याचा क्षण नीट पकडू शकत नाही, आणि महागड्या ओसीएक्सओचा शांतपणा चिपच्या दारातच वाया जातो.

पायरी ७ : मोजा, पण कशाशी तुलना करताय ते बघा

एकदा मी अख्खी दुपार एका सिंथेसायझरचं कौतुक करण्यात घालवली. गरम हवा मारली, थंड स्प्रे मारला, काउंटरवरचा शेवटचा आकडाही हलला नाही. संध्याकाळी मागच्या बाजूची केबल दिसली : काउंटर आणि सिंथेसायझर एकाच १० मेगाहर्ट्झवर चालत होते. दोघं मिळून सरकत होते. आपल्याच पट्टीने आपलीच पट्टी मोजली की ती नेहमी एक फूटच भरते. फ्रिक्वेन्सी मोजताना दोन्ही बाजूंचे रेफरन्स वेगळे आहेत, हे केबलीला हात लावून तपासा.

काउंटरचा आतला टाइमबेसही क्वार्ट्झच असतो आणि तोही म्हातारा होतो. ०.१ पीपीएम मोजायचं असेल तर त्याला जीपीएसडीओ किंवा रुबिडियम द्या, आणि ते पुरते तापून स्थिर होईपर्यंत आकडे लिहू नका. साधा काउंटर एका सेकंदाच्या गेटमध्ये १ हर्ट्झपर्यंत वाचतो. १० मेगाहर्ट्झवर तो ०.१ पीपीएम झाला, २४०० मेगाहर्ट्झवर ०.०००४ पीपीएम. तेव्हा रेफरन्सच्या पिनला प्रोब लावण्याऐवजी पीएलएलच्या आउटपुटवरच मोजा : गुणाकार फुकटात भिंगाचं काम करतो, शिवाय प्रोबचे पिकोफॅरड क्रिस्टलवर पडून तो सरकत नाही.

काउंटर नसला तरी अडत नाही. ऑसिलोस्कोपला खात्रीच्या १० मेगाहर्ट्झवर ट्रिगर करा आणि दुसऱ्या चॅनेलवर आपला १० मेगाहर्ट्झ आणा. लाट डावीकडे सरकत असेल तर आपला रेफरन्स वेगवान, उजवीकडे तर मंद. एक पूर्ण आवर्तन सरकायला किती सेकंद लागतात ते मोजा. एका सेकंदात एक आवर्तन म्हणजे १ हर्ट्झ, ०.१ पीपीएम. दहा सेकंदांत एक म्हणजे ०.०१ पीपीएम. एवढ्या स्वस्तात एवढी बारीक मोजणी दुसरी मला माहीत नाही.

एकच आकडा लिहून थांबू नका. दर सेकंदाला एक याप्रमाणे तासभर नोंदी घ्या. सरकणाऱ्या ऑसिलेटरला साधं प्रमाण विचलन लावलं तर ते नोंदी वाढतील तसं वाढतच जातं. यावर डेव्हिड ॲलन यांनी १९६६मध्ये मांडलेली रीत आजही चालते : लागोपाठच्या सरासरींतला फरक बघायचा, आणि सरासरीचा काळ वाढवत तो पुन्हा बघायचा. आलेख आधी उतरतो, तळाला टेकतो आणि मग चढू लागतो. चढ सुरू होतो तो काळ म्हणजे तुमच्या ऑसिलेटरच्या एकट्याने चालण्याची मर्यादा. त्यापुढे त्याला जीपीएससारखा कुणीतरी हात धरणारा हवा.

फेज नॉइज स्पेक्ट्रम ॲनलायझरवर बघत असाल तर ॲनलायझरचा स्वतःचा नॉइज त्या अंतरावर किती आहे ते आधी वाचा. तो तुमच्यापेक्षा वाईट असेल तर पडद्यावर तुम्ही त्यालाच बघताय.

पायरी ८ : दुरुस्त करा

दोन वाटा आहेत. ऑसिलेटरला कंट्रोल व्होल्टेजची पिन असेल तर डीएसीने (आकड्याचं व्होल्टेज करणाऱ्या चिपने) तो ओढून जागेवर आणा. तेव्हा डीएसीचा गोंगाट आणि त्याच्या रेफरन्स व्होल्टेजचं तापमानाने हलणं हेही हिशेबात येतं. दमदार आरसी फिल्टर लावल्याशिवाय ती पिन मोकळी सोडू नका.

दुसरी वाट मला जास्त आवडते : ऑसिलेटरला हातच लावायचा नाही. मोजणीत रेफरन्स १०.००००१२ मेगाहर्ट्झ निघाला, म्हणजे १.२ पीपीएम वर. मग फ्रॅक्शनल-एनला २४०० मागण्याऐवजी २३९९.९९७१२० मेगाहर्ट्झ मागा, खरं आउटपुट २४०० वर येईल. २५ बिटांचं मॉड्युलस (एनमधल्या अपूर्णांकाचा छेद) आणि १० मेगाहर्ट्झचा फेज डिटेक्टर असेल तर पाऊल ०.३ हर्ट्झचं पडतं, दुरुस्तीला पुरेसं बारीक. आरटीएल-एसडीआर (यूएसबीला लावायचा स्वस्त रेडिओ रिसीव्हर) वापरणारे सॉफ्टवेअरमध्ये पीपीएमचा आकडा भरतात तेव्हा त्या डोंगलच्या २८.८ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलसाठी हेच घडत असतं. या वाटेत एक खोट आहे : त्याच रेफरन्सवर चालणारे बाकीचे क्लॉक, एडीसी, बॉड रेट, टायमर, चुकलेलेच राहतात. त्यांनाही दुरुस्ती हवी असेल तर पहिली वाट धरा.

तापमानाचा सेन्सर ऑसिलेटरला चिकटवून, वेगवेगळ्या तापमानांच्या दुरुस्त्यांचा तक्ता मेमरीत ठेवता येतो. तक्ता बनवताना तापमान चढतानाही मोजा आणि उतरतानाही, कारण दोन्ही वाटांवरचे आकडे तंतोतंत जुळत नाहीत.

दुरुस्तीचा आकडा, ती केल्याची तारीख आणि त्या वेळचं तापमान बोर्डाच्या मेमरीत एकत्र लिहा. नव्या बोर्डाची दुसरी मोजणी महिन्याभराने ठेवा, तिसरी सहा महिन्यांनी. या तिन्हींतून वयाचा उतार दिसेल, आणि पुढची फेरी वर्षाने की तीन वर्षांनी, ते त्याच उतारावरून काढा.